नको म्हणणारा पाठीराखा

देव असो की डायमॉन, म्हणजे माणसाची राखण करणारा अदृश्य आत्मा, त्याला शुद्धलेखन यायलाच हवं असा काही माझा आग्रह नाही. पण त्याने नेमकी माझीच चूक करावी, हे मात्र मला पचेना.

झालं असं, की चार वर्षांच्या साधनेच्या वह्या काढून मी एका रात्री सलग वाचायला बसले होते. चार वर्षं म्हणजे सात वह्या. मेणाचे डाग, अर्ध्यावर सोडलेली मुद्राचिन्हं, पहाटे तीनला उठून खरडलेली स्वप्नं, ज्यांचं अक्षर आता मलाच लागत नाही. त्यातला वर्षभराचा भाग असा होता, की प्रत्येक बैठकीनंतर ‘त्या’ने मला काय सांगितलं ते मी अवतरणचिन्हांत उतरवून ठेवलं होतं. लांबलचक, भारदस्त वाक्यं. आणि त्यातल्या एका पानावर होतं: ‘माझा आशिर्वाद तुझ्या पाठीशी आहे.’

आशिर्वाद. शि ऱ्हस्व. ही चूक मी शाळेपासून करत आले आहे. बाईंनी पन्नास वेळा लिहून घेतलं तरी गेली नाही. पुढच्या पानावर पुन्हा आशिर्वाद. मग मी लाल पेन घेतलं आणि वर्षभराच्या त्या दिव्य संदेशांची उत्तरपत्रिकेसारखी तपासणी केली. अकरा वेळा आशिर्वाद. शिवाय दर दुसरं वाक्य ‘मुळात’ने सुरू करायची माझी खोड, ‘तुला ठाऊकच आहे’ हे माझं पालुपद, आणि रागावल्यावर वाक्य अर्धवट सोडून द्यायची माझी पद्धत. शतकानुशतकं जुनं म्हणवणारं ते अस्तित्व अगदी माझ्यासारखं बोलत होतं. फक्त जरा घसा खाकरून.

मनी वसे ते स्वप्नी दिसे, हे मी लहानपणापासून ऐकत आले होते. वहीतही तेच दिसतं, हे कुणी सांगितलं नव्हतं.

ज्या वाटेवर मी हे करत होते तिला डेमोनोलॅट्री म्हणतात, म्हणजे ‘डेमन’ म्हणवल्या जाणाऱ्या आत्म्यांची उपासना. शब्द उच्चारला की समोरचा माणूस नकळत खुर्ची मागे सरकवतो. त्याची आता सवय झाली आहे. मुळात (बघा, आलाच) हा शब्दच शत्रूने दिलेला आहे. लोरेन प्रांतातल्या निकोला रेमी नावाच्या न्यायाधीशाने १५९५ साली लियॉंमध्ये जे लॅटिन पुस्तक छापलं, त्याच्या शीर्षकात हा शब्द ठळकपणे येतो. पंधरा वर्षांत चेटकाच्या आरोपाखाली सुमारे ९०० जणांना देहदंड झाला, असा त्याचा स्वतःचाच दावा होता, आणि तो त्याने अभिमानाने मांडला होता. ज्या शब्दासाठी माणसं जाळली गेली तो शब्द आज काही लोक स्वतःहून, स्वतःच्या साधनेसाठी वापरतात. यात बंडाची हौस थोडी असतेच, नाही म्हणत नाही. माझ्यातही होती.

पण बंड बाजूला ठेवलं तर या वाटेचा गाभा अगदी साधा आहे. सतराव्या शतकातल्या मंत्रग्रंथांत आत्म्याला बोलावायची जी रीत दिली आहे ती वाचून पाहावी. साधकाने नऊ फुटी वर्तुळात उभं राहायचं. वर्तुळाबाहेर दोन फुटांवर तीन फूट रुंदीचा त्रिकोण काढायचा आणि ज्याला बोलावलं त्याने त्या त्रिकोणात उभं राहायचं. यायला उशीर केला तर आधी देवाच्या नावाने दटावणी. तरीही आला नाही, तर त्याची मुद्रा गंधक आणि हिंगासारख्या उग्र वासाच्या जिनसांबरोबर एका काळ्या डबीत घालून ती विस्तवावर धरायची. याला बोलावणं कसलं म्हणायचं, ही तर वसुली.

डेमोनोलॅट्रीत ही जबरदस्ती नाही. बऱ्याच साधकांच्या आजच्या मांडणीत चार दिशांना चार तत्त्वांना नमस्कार केला जातो: पूर्वेला वायू म्हणजे ल्युसिफर, दक्षिणेला अग्नी म्हणजे फ्लेरेऑस, पश्चिमेला जल म्हणजे लेव्हायथन, उत्तरेला पृथ्वी म्हणजे बेलियल. तेही कुणाला कोंडण्यासाठी नाही, आणि स्वतःला वाचवण्यासाठीही नाही. जागा समतोल व्हावी म्हणून. मग ज्याच्याशी बोलायचं त्याचं नाव घ्यायचं, त्याची मुद्रा समोर ठेवायची आणि गप्प बसायचं. यावंसं वाटलं तर येईल. आणि या भेटीगाठींतून काळाच्या ओघात एकाशी नातं घट्ट होतं. त्याला पेट्रन म्हणतात, स्त्रीरूप असेल तर मेट्रन. मला त्यासाठी मराठीतला ‘पाठीराखा’ हा शब्द फार आवडतो. पाठीशी उभा असतो तो. म्हणजे समोर दिसत नाही. हे शब्दातच सांगून ठेवलं होतं, मी मात्र चार वर्षं त्याला समोर शोधत होते.

जुनेजाणते साधक सांगतात की पाठीराख्याच्या बाबतीत घाई करू नये, तो यथावकाश कळतो. मी घाई केली. पैसे घेऊन असं नाव शोधून देणारे लोक असतात. त्यांतल्या एका व्यक्तीने माझ्याकडून जन्मतारीख, वेळ आणि एक फोटो घेऊन तीन दिवसांत उत्तर धाडलं: राजा पायमन.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: त्या जुन्या ग्रंथांमधल्या ७२ आत्म्यांच्या यादीत पायमन नववा. दोनशे पलटणींचा राजा. डोक्यावर मुकुट, सांडणीवर स्वार, पुढे तुताऱ्या आणि झांजा वाजवणारा लवाजमा. सगळ्या कला आणि विद्या शिकवतो. त्याचा आवाज एवढा गडगडाटी, की समजेल असं बोलायला त्याला भाग पाडावं लागतं, असंही लिहून ठेवलं आहे. मी पुढचे दोन आठवडे जमिनीपासून चार बोटं वर चालत होते. मला एखादा साधासुधा, नाव नसलेला, दोन-चार पलटणींचा सुभेदार मिळाला नव्हता. राजा मिळाला होता. आणि मग वह्या भरायला लागल्या.

प्लेटोच्या ‘रिपब्लिक’च्या शेवटच्या भागात एक कथा आहे. एर नावाचा सैनिक लढाईत मरतो, बाराव्या दिवशी चितेवरच उठून बसतो आणि पलीकडे काय पाहिलं ते सांगतो. पुन्हा जन्माला येणारे जीव एका मैदानात जमलेले असतात. त्यांच्यापुढे जमिनीवर आयुष्यांचे नमुने पसरून ठेवलेले असतात. त्यांना सांगितलं जातं की डायमॉन तुमची निवड करणार नाही, तुम्हीच तुमचा डायमॉन निवडाल. दोष निवडणाऱ्याचा, देवाचा नाही. चिठ्ठीत पहिला आलेला जीव पुढे झेपावतो आणि तिथलं सर्वांत मोठं राजेपद उचलतो. नीट वाचल्यावर त्याला कळतं, की त्या आयुष्यात स्वतःचीच मुलं खाण्याचा भोग लिहिलेला आहे. मग तो छाती बडवून घेतो, दैवाला शिव्या देतो. सगळ्यांत शेवटी पाळी येते ओडिसियसची. मागच्या जन्मीच्या दगदगीने त्याची हाव विझलेली असते. तो बराच वेळ हिंडत राहतो आणि कोपऱ्यात पडलेलं, सगळ्यांनी ओलांडून सोडून दिलेलं एका साध्या खाजगी माणसाचं आयुष्य त्याला सापडतं. म्हणतो, पहिला नंबर असता तरी मी हेच उचललं असतं.

ही कथा मी आधीही वाचली होती. पायमनचं नाव मिळालं तेव्हा मात्र ती आठवली नाही. सोयीचं नसलं की आठवत नाही.

डायमॉन या ग्रीक शब्दाचं मूळ बहुधा ‘वाटणे’ या अर्थाच्या धातूत आहे. वाट्याला येतं ते वाटून देणारा तो डायमॉन. चांगला डायमॉन लाभणं म्हणजे ‘युडायमोनिया’, आणि ग्रीक तत्त्वज्ञ सुखी, सफल जीवनासाठी हाच शब्द वापरायचे. ख्रिस्तपूर्व सुमारे ७०० च्या आसपास ग्रीक कवी हेसिअडने लिहिलं, की सुवर्णयुगातली माणसं मेल्यावर डायमॉन झाली. धुक्याचं पांघरूण घेऊन ती पृथ्वीभर हिंडतात आणि मर्त्यांची राखण करतात. अशा अदृश्य राखणदारांचा आकडाही तो एके ठिकाणी देतो: तीस हजार. पुढे हिब्रू धर्मग्रंथांचा ग्रीक अनुवाद झाला तेव्हा परक्यांच्या देवांना ‘डायमोनिया’ म्हटलं गेलं. चौथ्या-पाचव्या शतकांच्या सांध्यावरच्या ख्रिस्ती संत ऑगस्टीनपर्यंत तर हा शब्द कुणी चांगल्या अर्थाने उच्चारेनासं झालं होतं, असं तोच सांगतो. शब्दांची अशी उलथापालथ आपल्याला नवी नाही. ऋग्वेदात वरुणाला ‘असुर’ म्हणतात ते गौरवाने. आणि पारशांच्या अवेस्तात ‘दएव’ म्हणजे दुष्ट. कोण कोणाच्या शेजारी राहतो आणि कोणाशी भांडतो, यावर देव-दानव ठरतात. फिनिशियन देवी अस्टार्टीचा मंत्रग्रंथांत अस्टारोथ झाला, म्हणजे देवीचा ड्यूक झाला, वर त्याच्या तोंडाला दुर्गंधी येते म्हणून नाकापुढे अंगठी धरायची सूचनाही आली.

पण मला जिथे थांबायचं आहे ते ठिकाण या यादीत नाही. ते अथेन्समध्ये आहे, एका सत्तर वर्षांच्या अनवाणी माणसाजवळ.

सॉक्रेटिसवर ख्रिस्तपूर्व ३९९ मध्ये खटला चालला. आरोपांपैकी एक असा, की तो नगराचे देव मानत नाही आणि नवी ‘डायमोनिया’ आणतो. डेमोनोलॅट्रीचा आरोपच म्हणायचा, शब्द तेवढा जन्मायचा होता. भरल्या न्यायसभेत सॉक्रेटिसने ते लपवलं नाही. लहानपणापासून मला काहीतरी होतं, एक आवाज येतो, असं तो सांगतो. आणि मग जे सांगतो ते मी वीस वेळा वाचलं असेल, पण ऐकलं नव्हतं: तो आवाज येतो तेव्हा मी जे करायला निघालो असेन त्यापासून मला मागे खेचतो. अमुक कर, असं तो कधीच सांगत नाही.

कधीच नाही. असं त्याचा शिष्य प्लेटो लिहितो. दुसरा शिष्य झेनोफन म्हणतो की तो आवाज काय करावं हेही सुचवायचा. पण झेनोफन शिपाईगडी, त्याला आज्ञा आवडत असणार. माझा विश्वास प्लेटोवर. कारण प्लेटोने दिलेले प्रसंग इतके क्षुल्लक आहेत, की कुणी थोरवी वाढवायला रचेल असे वाटत नाहीत. एकदा सॉक्रेटिस व्यायामशाळेत कपडे बदलायच्या खोलीत एकटाच बसलेला असतो. उठायला लागतो. त्या आवाजाची खूण होते. पुन्हा बसतो. थोड्या वेळाने दोन वादपटू भाऊ आत येतात आणि गप्पा सुरू होतात. संपलं. एवढंच! यासाठी कुणी दैवी हस्तक्षेप खर्च करतं का?

दुसरा प्रसंग मला सगळ्यांत जवळचा. इलिसस नदीकाठी, भर दुपारी, झाडावर रातकिड्यांसारखे किर्रर्र करणारे सिकाडा. सॉक्रेटिसने नुकतंच प्रेमाविरुद्ध एक चतुर भाषण ठोकलं आहे, तेही डोक्यावरून वस्त्र ओढून, कारण त्याची त्यालाच लाज वाटते आहे. भाषण संपवून तो नदी ओलांडून निघायला लागतो आणि खूण होते. पाऊल थांबतं. मग त्याच्या ध्यानात येतं, की आपण प्रेमदेव इरॉसची निंदा केली आहे आणि ती निस्तरल्याशिवाय इथून जाता येणार नाही. तो परत बसतो आणि उघड्या डोक्याने दुसरं भाषण करतो, रथाच्या पांढऱ्या आणि काळ्या घोड्यांचं, आत्म्याला फुटणाऱ्या पंखांचं. डायमॉनने त्याला ते भाषण सुचवलं नाही. त्याने फक्त नदी ओलांडू दिली नाही.

आणि शेवटचा दिवस. शिक्षा ठरल्यावर तो राहिलेल्या लोकांना सांगतो: आज सकाळी घरून निघताना, इथे उभा राहताना, बोलता बोलता, एकदाही त्या खुणेने मला अडवलं नाही, एरवी ती बारीकसारीक गोष्टींतही मध्ये येते. म्हणजे जे घडतंय ते वाईट नसावं. जन्मभर ‘नको’ म्हणणाऱ्याचं गप्प राहणं हाच त्याचा एकमेव होकार.

माझ्या वह्यांमधला राजा एकदाही ‘नको’ म्हणाला नव्हता. लाल पेन हातात घेऊन मी हेही मोजलं. त्याने मला नोकरी सोडायला सांगितलं होतं, जी मला सोडायचीच होती. एका मैत्रिणीला दूर ठेवायला सांगितलं होतं, जिचा मला हेवा वाटायचा. मी विशेष आहे असं तर किती वेळा सांगितलं होतं याची गणतीच नाही. राजा कसला, भाट होता तो. माझ्याच पदरचा.

त्या वह्यांत एक नोंद मात्र राजाच्या आवाजात नव्हती. नोंद तरी कसली, तारीख आणि चार शब्द: ‘पत्र पाठवलं नाही. हात.’

बाबांच्या शेवटच्या आजारपणात रात्री कोण किती जागलं याचा हिशेब मी मनात दोन वर्षं मांडत होते. त्या रात्री तो दादाला लिहून काढला. मोबाइलवर, अंगठ्यांनी, साडेबारा ते सव्वादोन. तारखांसकट. कोणत्या रात्री त्याचा फोन लागला नाही, कोणत्या रात्री लागला आणि त्याने ‘मीटिंगमध्ये आहे’ म्हटलं. उत्तम जमलं होतं. मला असं लिहिता येतं याचं त्या क्षणीही कौतुक वाटत होतं. शेवटचं वाक्य विशेष टोचणारं होतं: ‘मोठा आहेस, असेच आशिर्वाद असू दे.’ मग ‘पाठवा’ वर अंगठा नेला आणि तो खाली जाईना.

आवाज आला नाही. समोर कुणी दिसलं नाही. मेणबत्ती नव्हती, मुद्रा नव्हती, मी अंथरुणात होते. अंगठा जड झाला, एवढंच. जड म्हणजे थकल्यासारखा नाही. कुणी मनगटाखाली तळहात धरावा तसा. आपली भाषा अशा वेळी म्हणते, मनात पाल चुकचुकली. पण पाल चुकचुकते ती शंकेची, आणि मला कसलीच शंका नव्हती. मी शंभर टक्के बरोबर होते. हिशेब बरोबर होता, तारखा बरोबर होत्या. आणि तरी नको.

मी फोन उपडा ठेवला आणि झोपले. सकाळी वहीत चार शब्द लिहिले आणि विसरून गेले, कारण राजाने काही म्हटलं नव्हतं.

आता इथे कथेला एक वळण हवं. त्याच रात्री दादाला काही झालं होतं, किंवा दुसऱ्या दिवशी त्याचंच माफीचं पत्र आलं. तसं काही झालं नाही. दादाला अजून काही माहीत नाही. पाठवलं असतं तर काय झालं असतं, हेही कधी कळणार नाही. अडवणाऱ्या पाठीराख्याची ही मोठी अडचण आहे: न घडलेल्या गोष्टीचा दाखला आणायचा कुठून? प्लुटार्क या ग्रीक लेखकाने यावर तोडगा काढला आहे. सॉक्रेटिसच्या याच खुणेवर त्याने एक अख्खा संवाद लिहिला. त्यात एक किस्सा येतो: सॉक्रेटिस मित्रांबरोबर चालला असताना मध्येच थांबतो आणि वळून सुतारांच्या गल्लीने जायला लागतो. काही तरुण हसतात आणि सरळ मूर्तिकारांच्या गल्लीने पुढे जातात. समोरून चिखलाने बरबटलेल्या डुकरांचा कळप येतो, गल्ली अरुंद, काही जण आडवे होतात, बाकीचे नखशिखान्त माखून येतात. पुरावा हवा, घ्या पुरावा. त्याच संवादात आणखी एक जण म्हणतो की ही खूण म्हणजे दुसरंतिसरं काही नव्हतं, शिंक होती! मला प्लुटार्क आवडतो तो यासाठी. हे सगळं सांगून झाल्यावर तोच एक चित्र देतो: आत्म्याचा एक भाग शरीरात बुडालेला असतो, पण एक भाग वर तरंगत राहतो, पाण्याखालच्या जाळ्याची जागा दाखवणाऱ्या बुचासारखा. लोक त्याला आपल्या आतला समजतात आणि बुद्धी म्हणतात; ज्यांना नीट कळतं ते त्याला बाहेरचा समजतात आणि डायमॉन म्हणतात.

आतला की बाहेरचा, यावर मी बऱ्याच रात्री घालवल्या आहेत. हा प्रश्न पॉर्फिरी या तत्त्वज्ञानेही विचारला होता, तिसऱ्या शतकात, एका इजिप्शियन पुरोहिताला उद्देशून लिहिलेल्या पत्रात. आपला डायमॉन म्हणजे आपल्याच आत्म्याचा एखादा भाग तर नाही? आणि तो जन्मकुंडलीवरून ओळखता येतो का? इयाम्ब्लिकस या दुसऱ्या तत्त्वज्ञाने पुरोहिताचं रूप घेऊन त्याला सविस्तर उत्तर दिलं. कुंडलीवरून शोधायची वाट त्याने खालच्या पायरीची ठरवली. (जन्मतारीख, वेळ आणि फोटो मी ज्यांना पाठवला त्यांनी हे वाचलं असतं तर माझे पैसे वाचले असते.) आणि म्हटलं की डायमॉन माणसाच्या जवळ येतो तेव्हा तो स्वतःच आपलं नाव आणि आपल्या पूजेची रीत प्रकट करतो. नाव शेवटी कळतं. मी नावापासून सुरुवात केली होती.

पॉर्फिरीचा गुरू प्लोटिनस याची एक गोष्ट आहे, पॉर्फिरीनेच लिहून ठेवलेली. रोममध्ये आलेल्या एका इजिप्शियन पुरोहिताने त्याचा डायमॉन बोलावून दाखवायचं ठरवलं. शहरात शुद्ध अशी एकच जागा त्याला सापडली, इसिस देवीचं देऊळ. बोलावल्यावर डायमॉनच्या जागी प्रत्यक्ष देवच आला. पुरोहित थक्क. पण संरक्षणासाठी हातात पक्षी धरून उभ्या असलेल्या मित्राने, हेव्याने म्हणा की भीतीने, ते पक्षी गळा दाबून मारले आणि सगळं तिथेच संपलं. प्रश्न विचारायलाही सवड मिळाली नाही. शिष्य गुरूची थोरवी सांगणारच. पण प्लोटिनसने स्वतः या विषयावर जो निबंध लिहिला त्यात देऊळ नाही, पक्षी नाहीत. तो म्हणतो, तुम्ही ज्या पायरीवर जगता तिच्या लगेच वरची पायरी म्हणजे तुमचा डायमॉन. इंद्रियांनी जगत असाल तर तुमचा विवेक तुमचा पाठीराखा. विवेकाने जगायला लागलात, की पाठीराखा आणखी एक पायरी वर सरकतो.

त्या रात्री मी ज्या पायरीवर होते तिला हिशेबाची पायरी म्हणता येईल. अंगठा धरणारा तिच्या फार वर नसावा. एकच पायरी. दोनशे पलटणींची गरजच नव्हती.

मग मला त्या परंपरेतल्या सगळ्यांत बदनाम शब्दाकडे पुन्हा बघावंसं वाटलं. ‘सैतान’ मराठीत आला अरबी-फारसीतून, आणि त्याचा हिब्रू भाऊबंद ‘सातान’ म्हणजे विरोधक, आडवा येणारा. हिब्रू बायबलात हे आधी विशेषनाम नाही, साधं नाम आहे. आणि पहिल्यांदा ते येतं ते एका देवदूतासाठी. बलाम नावाचा द्रष्टा गाढवीवर बसून, दुसऱ्याच्या सांगण्यावरून, एका लोकसमूहाला शाप द्यायला निघाला आहे. परमेश्वराचा दूत उपसलेली तलवार घेऊन वाटेत आडवा उभा राहतो, ‘सातान’ म्हणून. बलामला तो दिसत नाही. गाढवीला दिसतो. ती आधी वाट सोडून शेतात शिरते, मग कुंपणाला घासून त्याचा पाय चिरडते, मग सरळ बसकण मारते. तिन्ही वेळा तो तिला काठीने बडवतो. शेवटी तिला वाचा फुटते आणि ती विचारते, मी तुझं काय वाकडं केलं? आजवर कधी असं वागले का?

माझ्या अंगठ्याला वाचा फुटली नाही. पण द्रष्टेपण मिरवणाऱ्या माझ्याआधी त्याला दिसलं, एवढं खरं.

तेव्हापासून राजाशी बोलणं बंद केलं. पायमनचा अपमान करायचा हेतू नाही. तो असेलच तर माझ्या वहीतल्या त्या भाटाशी त्याचा काही संबंध नव्हता, आणि त्यानेही ते मनावर घेतलं नसावं. चार दिशांना नमस्कार करते, गप्प बसते, उठते. काही विचारत नाही. काही सांगितलं गेलं असं वाटलं, तर ते अवतरणचिन्हांत लिहीत नाही. अलीकडे या वाटेवर नव्याने आलेले कुणी कुणी विचारतात, आपला पाठीराखा खरा की मनाचा खेळ, हे ओळखायचं कसं? मी त्यांना शुद्धलेखन तपासायला सांगते आणि ते हसतात. मी थट्टा करत नसते. एवढंही सांगते, की जो आवाज ‘करच’ म्हणून मागे लागतो, झोपू देत नाही, स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करायला सुचवतो, त्याला कुठल्याही यादीतलं नाव देऊ नका. मेणबत्ती विझवा, दिवा लावा आणि डॉक्टरांची वेळ घ्या. हे बोलताना मी अजिबात हसत नाही.

नव्या वहीत डाव्या पानावर मी काय करायला निघाले होते ते लिहिते आणि उजव्या पानावर, थांबवलं गेलं असेल तर, तेवढंच. उजवी पानं बहुतेक कोरी आहेत. नाव लिहायला पहिल्या पानावर वरच्या कोपऱ्यात जागा सोडली होती. तिथे मध्यंतरी दुकानाच्या सामानाची यादी लिहिली गेली.

दादाचं पत्र अजून मसुद्यांत आहे. पुसून टाकावं असं मनात येतं, पण पुसायलाही अंगठा जात नाही, आणि ही खूण आहे की नुसता लोभ, ते मला सांगता येणार नाही. मागच्या आठवड्यात उघडून पुन्हा वाचलं. साडेबाराच्या रागाला मानायला हवं, एकही तारीख चुकलेली नाही. शेवटच्या ओळीपर्यंत आले. ‘असेच आशिर्वाद असू दे.’ शि दीर्घ केला, आणि पत्र बंद केलं.